सत्तरीला आलेलं काँक्रीटचं धरण सुरक्षित आहे की नाही, हे ठरवतात कसं?

प्रश्न ठाण्याच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या इमारतीला तीस वर्षं झाली म्हणून महापालिकेने स्ट्रक्चरल ऑडिट मागितलं, आणि इमारत थेट सी-२ए मध्ये (रिकामी करून दुरुस्ती) गेली. मग १९५७ पासून उभं असलेलं मोडकसागर किंवा पन्नाशी उलटलेली बाकीची धरणं अजून चालतात कशी? एका धरणाच्या गॅलरीचा (भिंतीच्या पोटातल्या बोगद्याचा) व्हिडिओ पाहिला, आत चक्क पाणी वाहतंय आणि भिंतींवर पांढरे ओघळ आहेत. हे धोक्याचं नाही का? शिवाय बदलापूरला नदीच्या बाजूला फ्लॅट बघतोय, तो घ्यावा का?"

फ्लॅटचं शेवटी बघू. आधी ऑडिटचं.

इमारतीचं ऑडिट आणि धरणाचं ऑडिट यांच्यात नाव सोडलं तर फारसं साम्य नाही. आपल्याकडची आरसीसी इमारत म्हातारी होते ती सळईमुळे. खाडीची खारी हवा, सळईवरचं पातळ कव्हर (काँक्रीटचा थर), बाथरूमची गळती. सळई गंजते, फुगते, काँक्रीटचे पापुद्रे पडतात आणि मग सी-१, सी-२ची पाटी लागते. काँक्रीटच्या भारस्थायी धरणाच्या मुख्य अंगात सळई जवळपास नसतेच. ते उभं असतं स्वतःच्या वजनावर. गंजायला काही नाही, आणि चांगलं काँक्रीट ओलाव्यात राहिलं तर पुढची कित्येक वर्षं हळूहळू ताकद वाढवत असतं. म्हणून "धरण सत्तर वर्षांचं आहे" या वाक्यावरून मला काहीच कळत नाही. सळई असते ती सांडव्याच्या पिअरमध्ये (दरवाज्यांमधल्या खांबांत), वरच्या पुलात, गॅलरीच्या भोवती आणि दरवाज्यांच्या अँकरमध्ये. तिथे मात्र तुमच्या इमारतीचेच सगळे आजार होतात.

मग धरणाचा शत्रू कोण? समोरचं पाणी नव्हे, ते तर डिझाइनमध्ये धरलेलंच असतं. शत्रू म्हणजे धरणाच्या पोटात आणि पायाखाली शिरलेलं पाणी. ते खालून वर ढकलतं. आम्ही त्याला अपलिफ्ट म्हणतो, पुस्तकात उत्थापन दाब. थोडं गणित करून दाखवते, कारण त्याशिवाय पुढचं काहीच पटणार नाही.

समजा, ५० मीटर उंचीचं, पायाशी ४० मीटर रुंद, साध्या त्रिकोणी छेदाचं धरण आहे आणि पाणी काठोकाठ आहे. धरणाच्या प्रत्येक एक मीटर लांबीवर पाण्याचा आडवा रेटा येतो साधारण १,२५० टन. धरणाचं वजन २,४०० टन. दिसायला दुप्पट. पण पायाखालच्या खडकातून पाणी झिरपतंय आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही असं धरलं, तर ते १,००० टनांनी धरण वर उचलतं. हाताशी उरले १,४००. आता पाण्याकडच्या टाचेपासून पाच मीटरवर निचऱ्याच्या छिद्रांची रांग आहे आणि ती नीट वाहतेय असं धरा. आयएस ६५१२ या भारतीय मानकाप्रमाणे त्या रेषेवर दाब एक तृतीयांशावर आलेला धरतात. अपलिफ्ट येतो ४६० टनांच्या आसपास आणि खरं वजन उरतं १,९४०.

म्हणजे बोटभर-मनगटभर जाडीच्या छिद्रांच्या एका रांगेची किंमत दर मीटरला साडेपाचशे टन आहे. तेवढं वजन काँक्रीट ओतून वाढवायचं तर दर मीटर लांबीला सव्वादोनशे घनमीटर काँक्रीट लागेल. शिवाय निचरा चालू असताना सगळ्या बलांचा परिणामी जोर नदीकडच्या टोकापासून साडेपंधरा मीटरवर पडतो, म्हणजे पायाच्या मधल्या एक तृतीयांश भागात. सगळा पाया दाबाखाली राहतो. छिद्रं बंद धरली की तोच जोर १२ मीटरच्याही अलीकडे येतो, मधल्या एक तृतीयांश भागाच्या बाहेर. टाचेला ताण येतो. काँक्रीट आणि खडकाचा सांधा ताण घेत नाही, तिथे भेग पडते, भेगेत पूर्ण दाबाने पाणी शिरतं, अपलिफ्ट आणखी वाढतो, भेग आणखी पुढे सरकते.

हे ज्ञान इंजिनिअरांना फुकट मिळालेलं नाही. फ्रान्समधलं बूझे धरण १८८४ साली भरत असताना जागेवरून फूटभर सरकलं. पायथा मजबूत करून ते पुन्हा वापरात घेतलं, आणि १८९५ च्या एप्रिलमध्ये त्याचा वरचा भाग फुटून ८० हून जास्त माणसं गेली. अपलिफ्ट हिशेबात धरायलाच हवा, हे त्यानंतर मान्य होऊ लागलं. आपलं तानसा, शहापूर तालुक्यातलं दगडी धरण, १८९२ सालचं आहे. त्या पिढीच्या कुठल्याही धरणाचा मूळ हिशेब आजच्या नियमांनी पुन्हा मांडल्याशिवाय त्याच्याबद्दल मत देता येत नाही, ते यामुळे. यात "म्हणून तानसा धोक्यात आहे" असं कृपया वाचू नका. जुन्या बांधकामात बरेचदा हिशेबापेक्षा जास्त दगड घातलेला असतो.

आता तुमचे पांढरे ओघळ. पावसाचं पाणी मऊ असतं, क्षार कमी. ते काँक्रीटमधून झिरपताना सिमेंटमधला चुना विरघळवत नेतं. गॅलरीत हवा लागली की त्याचा कॅल्शिअम कार्बोनेट होतो आणि भिंतीवर बसतो. नुसते ओघळ दिसणं ही जुन्या धरणात रोजची गोष्ट आहे, त्याने मी घाबरत नाही. माझं लक्ष असतं तोच चुना निचऱ्याच्या छिद्रात कुठवर बसलाय याच्यावर. धरण म्हातारं होतं ते असं: पोटातून चुना जातो आणि जाता जाता बाहेर पडायची वाटच बुजवतो. मुंब्र्याच्या किंवा घोडबंदरच्या डोंगराखाली सोसायट्यांच्या संरक्षक भिंती पावसात कोसळतात, तिथे जाऊन बघा. भिंत बहुधा बरी असते, तिच्यातली पाणी जायची भोकं मातीने नाहीतर प्लास्टरने बंद झालेली असतात.

म्हणून गॅलरीत पाणी वाहतंय म्हणजे धरण आजारी, हा समज उलटा आहे. ती गॅलरी त्यासाठीच ठेवलेली आहे. पाहणीला गेलं की स्थानिक कर्मचारी कौतुकाने सांगतात, "मॅडम, हा भाग एकदम कोरडा आहे." माझे कान तिथेच टवकारतात. जलाशय भरलेला आणि एका मोनोलिथमधली (सांध्यांनी वेगळ्या केलेल्या धरणाच्या एका ठोकळ्यातली) सगळी छिद्रं कोरडी, शेजारच्या मोनोलिथमध्ये मात्र धार. असं असेल तर एक तर खडक तिथे फारच चांगला आहे, नाहीतर छिद्रं बुजली आहेत. कोणतं खरं, हे अपलिफ्टच्या पाइपवरचा दाबमापक सांगतो. पुष्कळदा त्याचा काटा एकाच आकड्यावर गंजून बसलेला असतो आणि रजिस्टरमध्ये महिनोन्‌महिने तोच आकडा इमानदारीने उतरवलेला असतो. काटा हलतोय का, हे टिचकी मारून बघायला पाच सेकंद लागतात.

गळती मोजायला गॅलरीच्या नालीत व्ही-नॉच बसवलेला असतो, म्हणजे मधोमध व्ही आकाराची खाच असलेली पत्र्याची आडवी पट्टी. खाचेवर पाणी किती उंच चढलं ते पट्टीवर वाचायचं आणि कोष्टकातून लिटर काढायचे. ९० अंशाच्या खाचेत पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे मिनिटाला साधारण ४६ लिटर. सहा सेंटिमीटर म्हणजे ७३. एका सेंटिमीटरच्या चुकीने गळती दीडपटीहून जास्त "वाढते". खाचेच्या कडेवर चुन्याचा थर बसला, मागे गाळ साचला, मोजपट्टी खाचेला अगदी चिकटून लावली, की आकडा गेला. त्यामुळे "गळती अचानक दुप्पट" असा निरोप आला की पहिलं काम खाच घासून साफ करणं आणि बादली-घड्याळ घेऊन प्रत्यक्ष मोजणं. निम्म्या वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

उरलेल्या निम्म्यांसाठी जुनं रजिस्टर लागतं. मला एकच गोष्ट निवडायला सांगितली, नवं सॉफ्टवेअर की तीस वर्षांची हाताने लिहिलेली नोंद, तर मी डोळे मिटून नोंद उचलीन. कारण प्रश्न आजची गळती किती हा नसतो. याच पातळीला, याच ऋतूत पूर्वी किती होती आणि आता किती, हा असतो. ऋतूचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. जलाशय सप्टेंबरमध्ये भरतो, पण जानेवारीच्या थंडीत काँक्रीट आकसतं, मोनोलिथांमधले सांधे उघडतात आणि पातळी थोडी उतरलेली असूनही गळती वाढू शकते. सप्टेंबर आणि जानेवारीचे आकडे शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही. जानेवारीशेजारी मागचे जानेवारी ठेवा. धरणाच्या माथ्याची हालचाल लंबकाने मोजतात, तिलाही हेच लागू: ती पातळीबरोबर आणि तापमानाबरोबर पुढेमागे होणारच. पातळी आणि ऋतूचा वाटा काढून टाकल्यावर जर दरवर्षी थोडं नदीकडे सरकणं उरत असेल, आणि ते परत येत नसेल, तर ते खरं दुखणं.

पाण्याचीही तपासणी करतात. जलाशयातल्या पाण्यापेक्षा गळतीच्या पाण्यात कॅल्शिअम किती जास्त आहे ते बघायचं. समजा मिनिटाला १०० लिटर गळती आणि लिटरमागे ४० मिलिग्रॅम जादा कॅल्शिअम; वर्षाला दोन टन झाले. लाखो टनांच्या धरणात दोन टन म्हणजे चिल्लर. पण ते सगळीकडून सारखे जात नाहीत, एखाद्याच सांध्यातून गेले तर तो सांधा पोकळ होतो. आणि पाणी गढूळ झालं, तर मात्र त्याच दिवशी वरपर्यंत फोन गेला पाहिजे. कारण गाळ काँक्रीटमधून येत नाही, तो पायाच्या खडकातल्या भेगांतून धुऊन येतो.

कोअर, म्हणजे ड्रिलने कापून घेतलेला काँक्रीटचा दंडगोल, काढण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथे वाया जातात. जुन्या धरणांच्या काँक्रीटमध्ये दीडशे मिलिमीटरपर्यंतची खडी असायची. त्यात पन्नास-पंचावन्न मिलिमीटरचा कोअर काढून दाबून बघितला तर तुम्ही काँक्रीट नव्हे, सह्याद्रीचा बेसाल्ट तपासताय. निकाल अर्थातच झकास येतो. मोठ्या व्यासाचा कोअर महाग पडतो, पण घ्यायचा तर तोच घ्यावा. आणि दाबाची ताकद हा तसाही दुय्यम प्रश्न आहे; या उंचीच्या धरणात दाब काँक्रीटच्या ताकदीच्या मानाने फार कमी असतो. खरा प्रश्न दीड-दीड मीटरच्या थरांमधल्या आडव्या सांध्यांचा. पेटीत कोअर सांध्यावर तुटलेला दिसला की दोन्ही तोंडं हातात घेऊन उन्हात बघायची. खडी आरपार तुटलेली, रंग ताजा राखाडी असेल तर तो ड्रिलिंगच्या झटक्याने तुटलाय, सांधा धड होता. तोंड गुळगुळीत, त्यावर चुन्याची पांढरी साय किंवा तांबूस डाग असेल, तर तो सांधा आधीपासूनच सुटलेला होता आणि तिथून पाणी जात होतं. प्रयोगशाळेच्या अहवालात हे येत नाही. कोअरची पेटी तुम्ही स्वतः उघडून बघितली तरच कळतं.

आणि याच माहितीवर पुढचा सगळा हिशेब उभा असतो. वरच्याच उदाहरणात छिद्रं कायमची बंद झाली आहेत आणि हीच नेहमीची स्थिती आहे असं धरलं, घर्षणाला दीड आणि चिकटपणाला ३.६ असे नियमातले सुरक्षा गुणांक लावले, खडकाचा घर्षणकोन ४५ अंश धरला, तर धरण सरकू नये म्हणून सांध्याने दर चौरस मीटरला साडेअठ्ठावीस टन चिकटपणा द्यायला हवा. चांगल्या बांधलेल्या सांध्याला हे सहज जमतं. सुटलेल्या सांध्याला शून्य जमतं. अहवालात फायनाइट एलिमेंटची (संगणकाने काढलेल्या ताणांची) रंगीत चित्रं असतात, लाल-निळी, बैठकीत सगळे माना डोलावतात. मी आधी पान उलटून चिकटपणाचा आकडा कुठून घेतला ते बघते. "साहित्यावरून" असं लिहिलेलं असेल तर रंगीत चित्रांवर वेळ घालवत नाही.

बाकीच्या चाचण्या, म्हणजे अल्ट्रासॉनिक, रिबाउंड हॅमर, जमिनीत पाहणारं रडार, पाण्याखालचा कॅमेरा, या उपयोगी आहेत पण दुय्यम. रिबाउंड हॅमर तर फक्त कातडी सांगतो. खडीतल्या काही खनिजांची सिमेंटमधल्या अल्कलीशी रासायनिक क्रिया होऊन काँक्रीट फुगण्याचा प्रकार वेगळा. रिहंद आणि हिराकुडला तो झालेला आहे. भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आणि दरवाजे खाचेत अडकायला लागणं ही त्याची लक्षणं.

भूकंपाचं आपल्याला शिकवलं कोयनेने. ११ डिसेंबर १९६७. १०३ मीटर उंचीचं धरण, डिझाइनमध्ये भूकंपाचा गुणांक धरलेला ०.०५, आणि प्रत्यक्षात नदीच्या दिशेने जवळपास ०.४९ जी (गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या आसपास) इतका हादरा नोंदला गेला. धरण पडलं नाही. पण सांडव्याव्यतिरिक्तच्या मोनोलिथांवर, मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या मानेपाशी, आडव्या भेगा पडल्या. मागून काँक्रीटचे टेकू देऊन ती मजबूत करावी लागली. पायाशी सगळं ठीक असून मान मोडू शकते, हे साध्या स्थिर हिशेबात दिसत नाही. ठाणे जिल्हा कोयनेइतका संवेदनशील मानलेला नाही, तरी भातसा जलाशय भरत असताना १९८३ साली त्या परिसरात भूकंपाचे धक्के बसले होते, मोठा धक्का ५ च्या जरासा खाली होता. म्हणून इथेही गतिकीय विश्लेषण (हादऱ्यात धरण कसं हलेल याचा हिशेब) टाळून चालत नाही.

पूर हा प्रश्न माझ्या मते वयापेक्षा मोठा आहे. आपल्या भागातल्या जुन्या सांडव्यांचा पूर अनेकदा इंग्लिसच्या सूत्राने काढलेला असतो: पाणलोट १०० चौरस किलोमीटर असेल तर सेकंदाला साधारण १,१८० घनमीटर. सूत्र सह्याद्रीसाठीच बसवलेलं आहे, वाईट नाही. पण ते त्या काळी नोंदलेल्या पुरांवर बेतलेलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे त्या सूत्राला माहीत नाही. आयएस ११२२३ प्रमाणे ३० मीटरहून जास्त उंचीचं पाणी अडवणाऱ्या किंवा ६० दशलक्ष घनमीटरहून मोठ्या धरणाला कमाल संभाव्य पूर पेलता आला पाहिजे. जुन्या धरणाचा हिशेब नव्याने केला की बरेचदा सांडवा अपुरा निघतो. काँक्रीटचं धरण काही तास माथ्यावरून वाहिलेलं पाणी सहन करू शकतं, जर पायथ्याचा खडक उखडला नाही तर. पण "करू शकतं" यावर कुणी झोपू नये: १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्याचं पाणी खडकवासल्यावरून वाहिलं आणि ते दगडी धरणही फुटलं.

दरवाजे. तुंगभद्रेला ऑगस्ट २०२४ मध्ये १९ नंबरच्या दरवाज्याची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. धरणाच्या भिंतीला ओरखडा नाही, तरी जलाशय खाली करायची वेळ आली. म्हणून पावसाआधीच्या पाहणीत दरवाजे प्रत्यक्ष उचलून बघायचे, आणि वीज तोडून, जनरेटरवर उचलून बघायचे. जनरेटर चालू होतो हे दाखवणं आणि जनरेटरवर दरवाजा उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळं झाल्यावर निकाल सी-१ किंवा सी-३ असा एका अक्षरात लागत नाही. छिद्रं पुन्हा ड्रिल करून मोकळी करा, नवी पाडा, पाण्याकडच्या बाजूने ग्राउटिंग करा (भेगांत दाबाने पातळ सिमेंट भरा), तोवर पातळी दोन मीटर खाली ठेवा, असा तो असतो. ग्राउटिंग आणि निचरा यांचा क्रम मात्र चुकवू नका. आधी छिद्रं मोकळी करून मग शेजारी ग्राउट केलं की सिमेंट नेमकं त्याच छिद्रांत जातं. याने भागत नसेल तर माथ्यापासून खडकापर्यंत ताणलेल्या केबल, नाहीतर मागून टेकू. भंडारदऱ्याला १९६९ साली तडे आणि मोठी गळती दिसल्यावर टेकू बांधावे लागले, आणि १९२६ सालचं ते धरण आजही पाणी साठवतंय.

कायद्याचं थोडक्यात. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. पावसाआधी आणि पावसानंतर पाहणी सक्तीची, मोठ्या धरणांचं पहिलं सर्वंकष मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञांकडून पाच वर्षांच्या आत, आणि आपत्कालीन कृती आराखडाही तेवढ्याच मुदतीत. तुम्हाला माहिती अधिकारात विचारायचंच असेल तर "धरण सुरक्षित आहे का" असं विचारू नका, "होय" असं उत्तर येईल. विचारा: निचऱ्याची छिद्रं शेवटची कधी साफ केली, अपलिफ्टचे किती मापक चालू आहेत, गेल्या दहा वर्षांची पातळी आणि गळतीची नोंद द्या, पुराचा आढावा कोणत्या वर्षी घेतला.

आता फ्लॅट. बदलापूरकरांना धरण फुटण्याची भीती वाटते, पण त्यांच्या घरात पाणी शिरतं ते धरण फुटून नव्हे. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली ती उल्हास नदीच्या पुराने. भरपावसात धरणातून नियमाप्रमाणे सोडलेलं पाणी आणि खालच्या नदीला आधीच आलेला पूर एकत्र आले तर काठाला त्रास होणार, मग धरण कालच बांधलेलं का असेना. जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशात निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. बिल्डरकडे सातबारा आणि ओसीबरोबर त्या नकाशावर प्लॉट कुठे पडतो ते मागा. निळ्या रेषेच्या आत असेल तर घेऊ नका. दोन रेषांच्या मध्ये असेल तर पार्किंगच्या वरचा मजला, आणि मीटर रूम व पाण्याचे पंप जमिनीपासून किती उंच ठेवलेत ते स्वतः जाऊन मोजा.